तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजांनी टाकलेले शब्द तुम्ही कशाला जमवता?

‘जे शब्द आता इंग्रजसुद्धा बोलत नाहीत, ते वहीत कशाला उतरवून ठेवता?’ असे मला घरचे आणि बाहेरचे सारख्याच संशयाने विचारतात. खरे सांगायचे तर शब्द जमवण्यापेक्षा तो गेला कसा, हे शोधण्यात मला अधिक गोडी आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अप्रचलित शब्दाआधी खंजिराचे चिन्ह छापतात. पण तो शब्द कधीकाळी माणसांच्या तोंडी होता की कोशातच जन्मून कोशातच राहिला, हे त्या खंजिरावरून कळत नाही.

‘ॲप्रिसिटी’ म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. हा शब्द हेन्री कॉकरमच्या १६२३ सालच्या कोशात आहे. लॅटिन शब्दाला इंग्रजी शेपूट लावून भारदस्त शब्द पाडण्याची त्या काळच्या विद्वानांना फार हौस होती, आणि हाही त्याच टाकसाळीतला. आज पुष्कळ जण ‘हरवलेला सुंदर शब्द’ म्हणून त्याचे गोडवे गातात. परंतु जो बोलण्यात कधी रुळलाच नाही, तो हरवला तरी कसा म्हणायचा?

‘सेनाइट’ची गोष्ट निराळी. सात रात्री, म्हणजे एक आठवडा. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या १८१३ सालच्या कादंबरीत कॉलिन्स महाशय पत्राने कळवतात, की आपण सोमवारी, १८ नोव्हेंबरला येऊ आणि ‘सॅटर्डे सेनाइट’पर्यंत राहू. हा येता शनिवार नव्हे, तर त्याच्या पुढचा. म्हणजे पाहुणे ३० तारखेपर्यंत हलणार नाहीत! ‘वीक’ हा सुटसुटीत शब्द हाताशी असल्याने ‘सेनाइट’ मागे पडला असावा. चौदा रात्रींच्या ‘फोर्टनाइट’ला मात्र तसा प्रतिस्पर्धी नव्हता आणि ब्रिटनमध्ये तो अजून टिकून आहे. गंमत अशी, की इंग्रज सात आणि चौदा रात्री मोजत होते, तर आपण त्याच काळाला आठवडा आणि पंधरवडा म्हणतो, आणि शिंप्याने ‘आठ दिवसांनी या’ म्हटले की सातव्या दिवशी त्याच्या दारात उभे राहतो.

‘ओव्हरमॉरो’बद्दल मात्र मला खरोखर हळहळ वाटते. माइल्स कव्हरडेलच्या १५३५ सालच्या बायबलात तो आहे, जर्मनांकडे त्याचा भाऊ ‘यूबरमॉर्गन’ रोजच्या वापरात आहे, आणि इंग्रजांना मात्र त्यासाठी ‘द डे आफ्टर टुमॉरो’ एवढे लांबण लावावे लागते. कालच्या आदल्या दिवसासाठीही त्यांच्याकडे ‘एअरयेस्टरडे’ असा स्वतंत्र शब्द होता, तोही गेला. माझ्या वहीत हे दोन्ही शब्द एकाखाली एक आहेत, आणि दोघांना मिळून कंस करून समोर एकदाच लिहिले आहे: परवा.