गॅननचा किल्ला : सहा दारे, बारा बाण आणि शेवटचा जिना

मागील नोंद लिहिली तेव्हा ‘ऑकारिना ऑफ टाइम’ या व्हिडिओ गेमचा नायक, माझा लिंक, टेंपल ऑफ टाइममध्ये उभा होता. राजकन्या झेल्डाने त्याच्या हाती लाइट अॅरो, म्हणजे जादूचे प्रकाशबाण, सोपवले होते आणि दुसऱ्याच क्षणी खलनायक गॅननडॉर्फने तिला स्फटिकात कोंडून नेले होते. त्यानंतरच्या तीन शनिवारच्या रात्री मी गॅननच्या किल्ल्यात घालवल्या आणि काल रात्री ‘ऑकारिना ऑफ टाइम’ पूर्ण झाला. १९९८ मध्ये निन्टेन्डो ६४ वर आलेला हा खेळ मी स्विचवर, निन्टेन्डोच्या ऑनलाइन सेवेतून खेळतो आहे. त्या आवृत्तीत वाटेल तिथे खेळ गोठवून ठेवण्याची सोय आहे. पण शेवटच्या डंजनपुरती, म्हणजे कोडी आणि शत्रूंनी भरलेल्या या किल्ल्यापुरती, ती सोय वापरायची नाही, असे मी पहिल्याच दिवशी ठरवले होते, कारण या किल्ल्यात लिंकजवळची शिल्लक जपून वापरणे हाच खरा खेळ आहे आणि ती शिल्लक मागे नेता आली तर त्यात काही अर्थ उरत नाही.

किल्ल्याची रचना सांगायला सोपी आहे. मधल्या दालनात मनोरा आहे, त्याभोवती जादूची भिंत आहे आणि तिला सहा बाजूंनी सहा रंगांचे झोत बळ पुरवतात. वन, जल, छाया, अग्नी, प्रकाश आणि आत्मा अशा सहा परीक्षा, प्रत्येकीच्या शेवटी एक गाभा, आणि त्या गाभ्यावर एक लाइट अॅरो मारला की त्या बाजूचा झोत विझतो. यातली कोणती परीक्षा आधी द्यायची हे खेळ सांगत नाही, परंतु माझ्या मते सुरुवात छायेच्या परीक्षेनेच करावी. गोल्डन गॉन्टलेट्स हे ताकद देणारे हातमोजे तिथल्या पेटीत आहेत आणि अग्नी व प्रकाश या दोन्ही परीक्षांच्या वाटेतला प्रचंड दगडी खांब त्यांच्याशिवाय उचलता येत नाही. मी आधी अग्नीच्या दारात शिरलो, खांबापुढे थांबलो आणि परत फिरलो. त्यात निदान पंधरा मिनिटे गेली.

गॉन्टलेट्स हाती आल्यावर मी किल्ल्यातून सरळ बाहेर पडलो. जवळच तसाच एक खांब उभा आहे आणि त्याच्या मागे ग्रेट फेअरी ही वरदान देणारी परी आहे. ती लिंकला होणारी इजा निम्मी करते. ज्यांनी अजून ते वरदान घेतलेले नाही त्यांनी पुढचे सारे बाजूला ठेवून आधी तिथे जावे. मनोऱ्यात आयर्न नकल या चिलखती शत्रूच्या कुऱ्हाडीचा एक घाव एरवी चार हृदये (लिंकचा जीव याच मापात मोजतात) घेतो. माझ्याजवळ चौदा हृदये होती, म्हणजे चार घावांत सारे आटोपले असते.

आता जादूच्या हिशेबाकडे वळतो, कारण पहिल्या शनिवारी माझे जे नुकसान झाले ते याच हिशेबात चुकल्यामुळे झाले. जादू मोजणाऱ्या साध्या मीटरमध्ये ४८ माप जादू मावते आणि डेथ माउंटनच्या विवरातल्या ग्रेट फेअरीने दुप्पट केलेल्या मीटरमध्ये ९६. फायर अॅरोला ४ माप लागतात, लाइट अॅरोला ८. याचा अर्थ दुप्पट मीटर काठोकाठ भरलेले असेल तर बरोबर बारा लाइट अॅरो सुटतात, आणि सहा गाभ्यांना लागणारे सहा बाण म्हणजे त्यातला अर्धा साठा झाला. कागदावर हे निवांत वाटते, पण छायेच्या परीक्षेत अदृश्य वाट पाहण्यासाठी लेन्स ऑफ ट्रूथ लावून ठेवावी लागते आणि ती सुरू असेपर्यंत मीटर थेंबाथेंबाने गळत राहते; वर मशाल पेटवण्यासाठी फायर अॅरो लागतो, आणि मशालीने प्रकट झालेले कट्टे थोड्या वेळाने पुन्हा नाहीसे होत असल्याने एखादी उडी चुकली की तोच बाण दुसऱ्यांदा मारावा लागतो. मी तो चार वेळा मारला. गाभ्यासमोर पोहोचलो तेव्हा मीटरमध्ये एका लाइट अॅरोपुरतीही जादू नव्हती आणि त्या लखलखत्या गोळ्यासमोर उभा राहून मला जादू भरून देणाऱ्या हिरव्या औषधाची बाटली उघडावी लागली. ती बाटली मी गॅननडॉर्फसाठी राखून ठेवली होती.

जलपरीक्षेत बाटल्यांचाच प्रश्न पुन्हा आला. तिथे सारे बर्फ आहे. लाल बर्फ वितळवायला निळी आग लागते आणि निळी आग बाटलीतूनच नेता येते. माझ्या चार बाटल्यांपैकी तीनमध्ये लिंक मेला तर त्याला पुन्हा जिवंत करणारी परी होती आणि चौथी नुकतीच रिकामी झाली होती. दुसऱ्या शनिवारी माझा भाचा मुक्कामाला आला होता, तो शेजारी बसून सारे पाहत होता. मी एकच बाटली भरून पुढे निघालो तेव्हा तो म्हणाला, “मामा, एक परी सोडून दे ना, दोन बाटल्या भर.” मला परी सोडवेना. ती एकुलती एक आग मी नको त्या ठिकाणी ओतली आणि दारापुढच्या बर्फासाठी पुन्हा पहिल्या खोलीत जावे लागले. गोठवणारे फ्रीझार्ड वाटेत होतेच. शेवटी परी सोडली, दोन बाटल्या भरल्या आणि पुढच्या खोलीतला घसरणारा ठोकळा त्याच्या जागी नेऊन परीक्षा संपवली. हे वाचणाऱ्यांनी दोन बाटल्या पहिल्यापासूनच रिकाम्या ठेवाव्यात, असा माझा स्पष्ट आग्रह आहे.

वन, अग्नी आणि प्रकाश यांच्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. वनात पंख्यांच्या वाऱ्यावर क्षणभर हवेत तरंगू देणारे हॉवर बूट्स घालून चांदीच्या रंगाचे रुपी (या खेळातली रत्ने) गोळा करायचे आहेत. अग्नीत हेच काम लाव्ह्यावर, पायाखाली बुडणाऱ्या कट्ट्यांवरून आणि उष्णतेपासून वाचवणारा गोरॉन ट्युनिक घालून करायचे आहे. या आवृत्तीत बूट बदलण्यासाठी दर वेळी मेनू उघडावा लागतो आणि पुष्कळांना त्याचा राग येतो. मला मात्र तो क्षणभराचा थांबा आवडतो, कारण तेवढ्यात पुढची उडी डोळ्यांसमोर मांडून पाहता येते. प्रकाशाच्या परीक्षेत झेल्डाची अंगाई वाजवायची आहे हे जमिनीवरच्या ट्रायफोर्सच्या (तीन त्रिकोणांच्या) खुणेवरून लगेच लक्षात येते, आणि शेवटची भिंत खोटी आहे हे लेन्समधून दिसते.

आत्म्याच्या परीक्षेवर मात्र मी मनापासून प्रेम करतो. तिथे जाळीपलीकडे एक स्फटिक-कळ आहे आणि जाळीत एक लहानसे भोक आहे. बाण, हूकशॉट, बूमरँग यांपैकी काहीही उपयोगाचे नाही. तिथल्याच पेटीत मिळणारा बॉम्बचू, म्हणजे सरपटत जाणारा बॉम्ब, त्या भोकाच्या बरोबर रेषेत सोडायचा. मी लिंकला भोकासमोर उभे केले, अर्धे पाऊल डावीकडे घेतले, पुन्हा पाव पाऊल उजवीकडे आणले आणि सोडले. तो उंदरासारखा सरपटत गेला, काठाला घासून आपटला आणि अलीकडेच फुटला. दुसराही तसाच गेला. तिसऱ्या वेळी मी चित्रातल्या फरश्यांच्या सांध्यावर लिंकच्या टाचा जुळवल्या; बॉम्बचू भोकातून सुळकन पलीकडे गेला, एक क्षण काहीच झाले नाही, आणि मग स्फोटाबरोबर कळीचा रंग बदलला. भाचा गादीवर उभा राहून ओरडला. पुढच्या खोलीत छतावरचे कोळ्याचे जाळे फायर अॅरोने जाळले, वरून पडलेले ऊन मिरर शील्ड या आरशासारख्या ढालीवर घेतले आणि योग्य त्या सूर्यमुखावर टाकले. स्पिरिट टेंपलमध्ये शिकलेली गोष्ट इथे एका खोलीत, कुणी न सांगता, पुन्हा विचारली जाते. अशी आठवण विचारणारे डंजन मला दुसऱ्या कोणत्याही खेळात भेटलेले नाही.

तिसरा शनिवार म्हणजे मनोरा. नागपुरात मे महिन्यात रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात आणि आमच्या घरचा कूलर सुरू असला की शेजारच्या माणसाचे बोलणेही नीट ऐकू येत नाही. मनोऱ्याच्या जिन्यावर पाऊल ठेवले आणि जाणवले की ऑर्गन वाजतो आहे, पण पाण्याच्या आणि पंख्याच्या आवाजात त्याचे निम्मे सूर हरवत आहेत. मी कूलर बंद केला. संगीतकार कोजी कोंदो यांच्या या खेळातली ही रचना त्यानंतर मला पहिल्यांदा धड ऐकू आली: प्रत्येक मजल्यागणिक ऑर्गन जवळ येतो, मोठा होतो, आणि तो वाजवणारा माणूस वर बसलेला आहे हे डोळ्यांना दिसण्याआधी कानांना कळते. डायनॉल्फॉस हे सरड्यासारखे योद्धे, मग शेवटच्या दाराची किल्ली (बॉस की) राखणारे दोन स्टॅलफॉस, म्हणजे सांगाडे-योद्धे, मग दोन आयर्न नकल, या सर्व लढाया मी घामाने निथळत खेळलो आणि कूलर शेवटपर्यंत सुरू केला नाही.

वरच्या मडक्यांच्या खोलीत मीटर भरून घेतले, खेळ सेव्ह केला आणि दार उघडले. गॅननडॉर्फने फेकलेला विजेचा गोळा तलवारीने परतवायचा, त्याने तो पुन्हा परतवायचा, असे चालत राहते. रिकाम्या बाटलीनेही गोळा परततो, हे मी मुद्दाम करून पाहिले. गोळा त्याला लागला की त्याच क्षणी लाइट अॅरो मारायचा आणि तो खाली पडला की मधल्या चौथऱ्यावर झेप घेऊन तलवारीचे वार करायचे. पहिल्या प्रयत्नात मी घाईने नेम न धरता बाण सोडत गेलो, बारापैकी सात बाण हवेत गेले, आणि मीटर रिकामे झाल्यावर त्याने भोवतीच्या फरश्या एकेक करून पाडल्या. दुसऱ्या प्रयत्नात ठरवले की गोळा त्याच्या अंगावर फुटलेला दिसल्याशिवाय धनुष्य ताणायचे नाही. पाच बाणांत तो पडला आणि मीटरमध्ये सात बाणांची जादू उरली होती.

ते सात बाण पुढे फार कामाला आले. कोसळत्या मनोऱ्यातून झेल्डाच्या मागे तीन मिनिटांत खाली येणे अवघड नाही. वाटेतल्या स्टॅलफॉसना झटपट संपवले की झाले. पण ढिगाऱ्यातून गॅनन नावाचा राक्षस होऊन उठलेला गॅननडॉर्फ पहिल्याच फटक्यात लिंकची मुख्य तलवार, मास्टर सोर्ड, आगीच्या रिंगणाबाहेर उडवतो. इथे बिगोरॉनची तलवार हाती असणे म्हणजे काय, हे ती मिळवून देणाऱ्या लांबलचक अदलाबदलीच्या मोहिमेत दिवस घालवलेल्यांनाच कळेल. ज्यांच्याकडे ती नाही त्यांना मेगाटन हॅमरने भागवावे लागते. तोंडावर लाइट अॅरो मारला की गॅनन क्षणभर थिजतो. तेवढ्यात पायांमधून लोळण घेऊन मागे जायचे आणि शेपटीवर घाव घालायचे. मधेच रिंगण विझते तेव्हा मास्टर सोर्ड परत उचलता येते, कारण शेवटचा घाव तिचाच असतो. रात्री एक वाजून दहा मिनिटांनी झेल्डाने त्याला प्रकाशाने जखडले आणि मी तो घाव घातला.

खेळ संपल्याची नोंद मात्र या खेळात कुठेच होत नाही. शेवटच्या चित्रानंतर पडदा तसाच थांबून राहतो. आज सकाळी भाच्याला दाखवण्यासाठी फाइल उघडली तेव्हा लिंक मनोऱ्याच्या पायथ्याशी उभा होता, चौदा हृदये आणि तीन भरलेल्या बाटल्यांसह, आणि वरून ऑर्गन ऐकू येत होता. भाच्याने कंट्रोलर हातात घेतला आणि उठून कूलर बंद केला.