गर्भपात, चर्च आणि मशीद

गर्भपाताचा विषय निघाला की लोक बोलून मोकळे होतात, ख्रिश्चन काय नि मुसलमान काय, दोघांचा विरोधच. एवढं सरळ नाहीये ते.

कॅथलिक चर्चचं मत ठाम आहे, गर्भ राहिला तेव्हापासून तो जीव, मुद्दाम पाडायचा नाही. पण २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हे पाप माफ करायचा अधिकार सगळ्याच फादरना कायमचा दिला, हे आपल्या कोर्लई-सावंतवाडीकडच्या बायकांना कुणीतरी नीट सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मुसलमानांत हिशोब दिवसांचा. हदीसनुसार, म्हणजे पैगंबरांच्या वचनांनुसार, १२० दिवसांनी गर्भात रूह, म्हणजे आत्मा, फुंकली जाते, त्याआधी सबळ कारण असेल तर हनफी पंथाचे बरेच आलिम, म्हणजे धर्मपंडित, परवानगी देतात, मालिकी पंथाचे मात्र जवळपास नाहीच म्हणतात. आपल्या कोकणी मुसलमानांत शाफई पंथाचे जास्त आणि त्यांच्यातही मतं वेगवेगळी, त्यांचे जुने मोठे पंडित गजाली यांनी तर सुरुवातीपासूनच चूक म्हटलंय. पण आईच्या जिवावर बेतलं तर १२० दिवसांनंतरही आधी आई.

रत्नागिरीत ओळखीची एक ताई सोनोग्राफीचा रिपोर्ट पिशवीत घालून बसलेली, मौलवींना विचारायला नवरा गेला, डॉक्टरांशी सासू बोलली, तिला कुणी विचारलंच नाही. खूप राग आला मला. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, आणि हे मी तिला तिथंच सांगितलं.