ट्रेलर की पार्क मॉडेल: आमचा आठ महिन्यांचा हिशेब

ऑगस्ट

गाडीमागे ओढायचा ट्रेलर घ्यावा की एकाच जागी ठेवायचं पार्क मॉडेल, हे ठरवायचंय. चार उन्हाळे तंबूत काढल्यावर यंदा पहिल्यांदा ट्रेलर भाड्याने घेतला. आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेत आणि आईचे गुडघे जमिनीवरून उठायला तयार नाहीत, म्हणून. ट्रेलर २४ फुटी. मागे दोन बंक, पुढे मोठा पलंग, आणि जेवणाचं टेबल खाली पाडलं की आणखी एक बिछाना.

आम्ही राहतो त्या नोव्हायहून (मिशिगन) आय-९६ हा महामार्ग धरला की तो थेट मस्कीगनच्या अलीकडे नेऊन सोडतो. तिथून हॉफमास्टर स्टेट पार्क जवळच, मिशिगन लेकच्या काठावर, वाळूच्या टेकड्यांत. रस्ता सरळ आहे म्हणून मी गाफील होते. लॅन्सिंग ओलांडल्यावर एक अठराचाकी ट्रक शेजारून पुढे निघाला. आधी ट्रेलर कडेला ढकलला गेला, मग ट्रककडे ओढला गेला, आणि ट्रक निघून गेला तरी तो आपला शेपूट हलवतच राहिला. स्टिअरिंग सरळ धरलेलं, पण गाडी माझी राहिली नव्हती. माझा पाय ब्रेकवर जाणार तोच शेजारून बाबा म्हणाले, "ब्रेक नको. पाय काढ फक्त. स्टिअरिंगशी झोंबू नकोस." एकतीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाचा आवाज होता तो, पाय आपोआप निघाला. दहा-बारा सेकंदांत ट्रेलर शांत झाला. मागच्या सीटवर आईचं रामरक्षा म्हणणं मात्र मस्कीगनपर्यंत थांबलं नाही.

चूक माझीच होती, हे नंतर कळलं. कॅम्पग्राउंडच्या पाण्यावर आईचा विश्वास नाही, म्हणून मी ३० गॅलनची टाकी घरूनच काठोकाठ भरून घेतली. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड, म्हणजे २५० पौंड. आणि या ट्रेलरची टाकी चाकांच्या मागे. वर कूलर, खुर्च्या, तांदळाची पिशवी, सगळं मागच्या बंकवर रचलेलं. मागे वजन वाढलं की पुढचं नाक हलकं होतं. हिचवर (गाडीला ट्रेलर जोडणाऱ्या कडीवर) पडणारं वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० टक्क्यांखाली गेलं की ट्रेलर असा नाचतो. १२-१३ टक्के असलेलं बरं. हे वाचलं होतं की नाही आठवत नाही. आता विसरणार नाही.

मुक्कामावर रिव्हर्स लावताना बाबा पुन्हा कामाला आले. मी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा ट्रेलर गाडीशी काटकोन करून बसला. शेजारची मंडळी खुर्च्या टाकून बघत होती (कॅम्पग्राउंडवर संध्याकाळची करमणूक हीच). बाबांनी खिडकीशी येऊन सांगितलं, "हात स्टिअरिंगच्या खाली धर. ट्रेलरचं बूड जिकडं न्यायचं, तिकडं हात ने. कारखान्यावर पोरं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं घालतात, तुला एक जमेना?" मग मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे, येऊ दे" आणि शेवटी ट्रेलरच्या पत्र्यावर एक थाप. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. एसटीची घंटीच.

बाकी नोंदी थोडक्यात. ३० अँपिअरच्या जोडणीवर एसी (साधारण १३ अँपिअर) आणि चहाची इलेक्ट्रिक किटली (साडेबारा) एकत्र चालतात. त्यात मायक्रोवेव्ह लावला की अंधार. मोहरी तडतडली की छतावरचा धुराचा अलार्म बोंबलतो, म्हणून फोडणीची कढई बाहेरच्या शेगडीवर. जमिनीलगतचा गॅसचा अलार्म वेगळा, त्याला कधीही गप्प करू नका. टाक्या रिकाम्या करताना आधी ब्लॅक (संडासाची), मग ग्रे (धुण्या-अंघोळीच्या पाण्याची), म्हणजे भांड्यांच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हे काम नवऱ्याने बिनतक्रार केलं, त्याचं नाव इथे सोन्याच्या अक्षरांत.

सप्टेंबर

आता दुसरी बाजू. एका खासगी कॅम्पग्राउंडवर दोन रात्रींसाठी पार्क मॉडेल भाड्याने घेतलं.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: पार्क मॉडेल चाकांवर असतं खरं, पण ती चाकं कारखान्यातून जागेवर येण्यापुरतीच. त्याचं बांधणीचं मानक वेगळं, एएनएसआय ए११९.५, आपल्या ट्रेलरचं एनएफपीए ११९२. क्षेत्रफळाची मर्यादा ४०० चौरस फूट, शिवाय वर बुटका माळा चालतो. रुंदी बहुधा १२ फूट, आणि रस्त्यावर परवान्याशिवाय साडेआठ फुटांहून रुंद काही नेता येत नाही. म्हणजे ते हलवायचं तर ट्रकवाला बोलवा, परवाना काढा, डेक सोडवा, खालची झालर काढा. बहुतेकांत सांडपाण्याच्या टाक्याच नसतात. थेट गटारजोडणी आणि ५० अँपिअरची वीज असेल तिथेच ते चालतं.

पण आत गेल्यावर आईचा चेहरा बघायला हवा होता. पूर्ण उंचीची दारं, घरातल्यासारखं कमोड, चार शेगड्या, मोठा फ्रिज, आणि डेकवर चढायला ट्रेलरच्या घडीच्या पायऱ्यांऐवजी उतरता रॅम्प. डोंबिवलीच्या काकांनी अख्खा संसार याहून लहान जागेत केला. बाबांनी सगळीकडे टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, "याला गाडी का म्हणायचं?"

पहिली संध्याकाळ स्वर्ग. आईने डेकवर बसून पालक निवडला, पोरीने तळ्यात दगड टाकले. फोडणी दिली, अलार्म वाजला नाही. मी मनात पार्क मॉडेल घेऊनही टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "आता कुठं जायचं?"

"कुठे नाही. इथेच."

"म्हणजे दरवेळी इथंच यायचं? हेच तळं?" थोडं थांबून, "तळं तर तुमच्या घरामागं पण आहे की गं."

नोव्हायच्या वसाहतीतलं पावसाचं पाणी साठवायचं डबकं ते. त्यात बदकं आहेत, हे खरं.

ऑक्टोबर

ऑगस्टची भीती गेली नव्हती, म्हणून कागद-पेन घेऊन बसले. आमच्या सात सीटांच्या गाडीची ओढण्याची क्षमता ५,००० पौंड. भाड्याचा ट्रेलर भरून ४,७०० च्या आसपास. देणारा म्हणाला होता, आरामात ओढेल. ओढते, प्रश्नच नाही.

पण ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर जे पिवळं स्टिकर दिसतं, ते वाचा. त्यावर माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा असतो. आमचा १,३२३ पौंड. आम्ही पाच जण मिळून ६५० (आईने वजन सांगायला दोन दिवस घेतले). वजन वाटून देणारा हिच ९०. डिकीतलं सामान १००. उरले ४८३. आणि ४,७०० च्या १३ टक्के म्हणजे ६११ पौंड ट्रेलर एकट्या हिचवर टाकतो. १२८ पौंड जास्त. ट्रेलर हलका करायच्या नादात नाकावरचं वजन घटवलं, तर पुन्हा लॅन्सिंगचा नाच.

म्हणजे एका गाडीत आम्ही सगळे आणि मागे हा ट्रेलर, हे गणित बसतच नाही. ब्रोशरमध्ये ही गोष्ट शोधून सापडत नाही. दोन दिवस पार्क मॉडेल पुन्हा पुढे होतं. मग आई-बाबांना विमानात बसवलं आणि विषय बंद.

नोव्हेंबर, डिसेंबर

बर्फ.

जानेवारी

सप्टेंबरच्या कॅम्पग्राउंडकडून सीझनल साइटचा करार मागवून घेतला. हंगाम १ मे ते १५ ऑक्टोबर, नंतर पाणी बंद. भाडं ४,२०० डॉलर, वीज वेगळी. करार दरवर्षी नवा, आणि नवा करायचा की नाही हे जागामालकाच्या हातात. नाही म्हणाला तर ३० दिवसांत पार्क मॉडेल उचला. जे उचलायला ट्रकवाला आणि परवाना लागतो, ते. घर आपलं आणि जमीन दुसऱ्याची, ही गोष्ट आमच्या घरात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बाबांचं बालपण भाडेकरू म्हणूनच गेलं.

तीस-पस्तीस वर्षं एकाच तळ्याकाठी जाणारी, शेजाऱ्यांची नातवंडं नावानिशी ओळखणारी माणसं आहेत. त्यांच्यासाठी पार्क मॉडेल उत्तमच, आणि ते जर स्वतःच्या जमिनीवर ठेवायला स्थानिक नियमांची परवानगी असेल तर मी वादच घालणार नाही. आम्ही तसे नाही. आम्ही महाबळेश्वरला गेलो तरी दुसऱ्या दिवशी प्रतापगडला निघणारी माणसं.

फेब्रुवारी

एल्कहार्ट, इंडियाना. या देशातली बहुतेक आरव्ही (चाकांवरची घरं) याच परिसरात बनतात. तिथल्या संग्रहालयात १९१३ चा अर्ल ट्रेलर आहे, फोर्ड मॉडेल टी-च्या मागे जोडलेला. मी बराच वेळ त्याच्या हिचकडे बघत उभी होते. नवरा म्हणाला, "यांनी पण स्टिकर वाचलं नव्हतं."

तिथेच वजनाचा तिढा सुटला, आणि इतका सोपा की लाज वाटली. आई-बाबा पुन्हा आले की दोन गाड्या न्यायच्या. ट्रेलरच्या गाडीत मी, पोरगी आणि बाबा (पुढची सीट ते सोडणार नाहीत). नवरा आईला घेऊन सेडानमधून. ३५० पौंडांची माणसं, हिच, सामान धरून ५४०. उरतात ७८३. ६११ आरामात.

मार्च

सात वर्षं जुना, २४ फुटी, बंकवाला ट्रेलर घेतला. १२,८०० डॉलर. त्याआधी तीन नाकारले. पहिल्याच्या दाराशी जमीन पायाखाली स्पंजासारखी दबली. दुसऱ्याच्या बाहेरच्या भिंतीवर तिरक्या उजेडात फुगा दिसला, म्हणजे आत पाणी शिरून थर सुटलेले. तिसऱ्यात विकणाऱ्याने अत्तराची इतकी फवारणी केली होती की मी आतच गेले नाही.

आमच्याही छतावर सीलंटला दोन ठिकाणी भेगा आहेत, पण खालचं लाकूड कोरडं आहे. ओलावा मोजायचं यंत्र चाळीस डॉलरला मिळतं; हजारो डॉलर टाकण्याआधी ते घ्याच. टायरवरच्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक २३१९ होते, म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी नवीकोरी, पण रबर म्हातारं. चारही बदलले.

आईसाठी घडीच्या पायऱ्यांपुढे एक रुंद चौरंगासारखी पायरी आणि दाराला लांब मूठ. रॅम्पची सर नाही. दोन पायऱ्या तिला चढाव्याच लागतील, आणि त्या ती कुरकुरत चढेल.

आमच्या वसाहतीत ट्रेलर दारात दोन दिवसांवर उभा करता येत नाही, म्हणून महिना ६० डॉलरचं स्टोरेज. हा खर्च मी आधी धरलाच नव्हता.

एप्रिल

थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून भरलेलं गुलाबी अँटीफ्रीझ नळांतून वाहून गेलं, मग स्वच्छ पाणी आलं. वॉटर हीटरचा बायपास पूर्ववत केला. पाइपच्या एका वळणाजवळ ठिबकत होतं, ते आवळलं. हॉफमास्टरचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, म्हणून जूनची जागा डिसेंबरातच पकडून ठेवली होती, ट्रेलर नसताना! टाकी रिकामीच नेणार, पाणी तिथे भरणार. आईला अजून सांगितलेलं नाही.

काल बाबांना व्हिडिओ कॉलवर नवे टायर दाखवले. त्यांनी फोन चाकाजवळ न्यायला लावला, एकेक नट मोजला.

"किती आवळलेत?"

"पान्यावर आकडा असतो बाबा, कंपनीनं सांगितलेला. तेवढेच."

"बरं. पन्नास मैल गेल्यावर बाजूला घे आणि पुन्हा बघ. नव्या टायरचे नट बसतात." मग मागे वळून आईला, "अगं, सहा नट आहेत एका चाकाला."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "पायऱ्या किती आहेत ते विचारा."

पुढची नोंद: जून, हॉफमास्टरहून परतल्यावर. ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावरची पावती आकड्यांसकट लिहीन.