तुम्ही विचारलंत म्हणून: कोपरा आधी ठरवायचा का?

फुटबॉलच्या सरावाला नवीन मूल आलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा प्रश्न येतोच. "सर, पेनल्टी मारताना कोपरा आधी ठरवायचा, की गोलकीपर कुठं जातो ते बघून मारायचं?" परवा डिचोलीच्या बाजारात एका मुलाच्या आईनंही विचारलं, तेही बांगड्यांचा भाव करता करता. तेव्हा एकदा नीट लिहूनच टाकतो.

आधी. चेंडू ठिपक्यावर ठेवायच्याही आधी.

कारण साधं आहे. ठिपका गोलरेषेपासून 11 मीटरवर असतो. बरा मारणारा ताशी 80 किलोमीटर वेगानं मारतो असं धरलं, तर चेंडू अर्ध्या सेकंदात आत. तेवढ्यात चेंडू बघून, बाजू ठरवून खांबापर्यंत झेपावणं माणसाच्या अंगाला जमत नाही. म्हणून गोलकीपरला अंदाजानं आधीच निघावं लागतं. 2019 पासून तर मारण्याच्या क्षणी त्याचा एक पाय रेषेवर लागतोच. घाई त्याला आहे, आपल्याला नाही. पण मैदानावर उभं राहिलं की नेमकं उलटं वाटतं. 7.32 मीटरचा गोल आक्रसतो आणि समोरचा माणूस वडासारखा पसरतो.

इस्रायली संशोधकांनी 286 पेनल्टी तपासल्या होत्या, 2007 साली तो निबंध छापून आला. गोलकीपर सुमारे 94 टक्के वेळा कुठल्या ना कुठल्या बाजूला उडाले होते. मधे उभं राहणं जास्त फायद्याचं ठरलं असतं, तरीही. त्यांचं म्हणणं असं की उडी मारून गोल खाल्ला तर कुणी बोलत नाही, उभं राहून खाल्ला तर लाज वाटते. मला हे वाचून हसू आलं. आमच्या गावातले प्रेक्षक काय बोलतात ते त्या संशोधकांनी ऐकलेलं नाही.

मग बघून मारणारे नसतात का? असतात, आणि मोठे असतात. 2021 च्या युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, सेमीफायनलमध्ये इटलीच्या जॉर्जिन्योनं शेवटच्या पावलाला छोटीशी उडी घेऊन गोलकीपरला हलवलं आणि सामना जिंकून दिला. पाच दिवसांनी फायनलमध्ये तीच उडी घेतली, इंग्लंडचा गोलकीपर पिकफर्डनं अडवलं. त्याच रात्री इंग्लंडच्या रॅशफर्डनं थबकत थबकत धाव घेतली. गोलकीपर फसला, चुकीच्या बाजूला गेलासुद्धा, आणि चेंडू खांबावर आदळला. माझ्या मते सगळं लक्ष समोरच्याला फसवण्यात गेलं की पायाला द्यायला काही उरत नाही. अर्थात रॅशफर्डला 120व्या मिनिटाच्या सुमारास खास पेनल्टीसाठीच आत पाठवलं होतं. अंगात ऊब यायच्या आधीच वनवास!

मुलांना चेकोस्लोव्हाकियाचा पानेन्का फार आवडतो. 1976 च्या युरो फायनलला बेलग्रेडमध्ये त्यानं धावत येऊन चेंडू अलगद मधोमध टाकला, पश्चिम जर्मनीचा गोलकीपर एका बाजूला पडलेला. बघताना वाटतं, काय ऐन वेळचं धाडस! छे. आपल्याच क्लबच्या गोलकीपरबरोबर पैजा लावून त्यानं तो फटका घोटला होता. आमच्याकडे जत्रेतल्या नाटकात जो नट ऐन वेळी सुचल्यासारखं वाक्य टाकून टाळ्या घेतो, त्यानं ते तालमीत पन्नासदा म्हटलेलं असतं. मी स्वतः दोनदा तोंडाला रंग लावलाय, मला ठाऊक आहे.

म्हणून आमच्याकडे पेनल्टीचा सराव सगळ्यात शेवटी, पाय दमल्यावर. मूल मध्यरेषेवरून एकटं चालत येतं. ते चाळीसेक मीटरच जड असतात. निघण्यापूर्वी त्यानं मित्राच्या कानात कोपरा सांगायचा. सांगितलेल्या कोपऱ्यात मारून चुकलं तर मी काही बोलत नाही. दुसऱ्या कोपऱ्यात मारून गोल झाला तर मैदानाला एक फेरी. पालकांना हे पटत नाही. "गोल झाला तरी शिक्षा?" हो, झाला तरी.

गोलकीपरचं काय असतं, हे पाहायचं तर मडगावचं फातोर्डा मैदान आठवा. 2015 च्या आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, फायनलला एफसी गोवा 2-1 नं पुढे होता आणि शेवटच्या मिनिटांत आपल्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल लागला. मग लगेच आणखी एक, चषक चेन्नईला. 2022 ला तीच फायनल, तेच मैदान, कट्टीमनी आता हैदराबादकडून. शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्ट्यांत, त्यानं केरळच्या तिघांना अडवलं. त्यातल्या एकाला तर फटका परत मारायला मिळाला होता, तोही अडवला. हैदराबाद 3-1. मुलांना मी ही गोष्ट पेनल्टी हुकली की सांगतो. ती ऐकतात, पण अर्धवट, कारण त्यांना माझी हुकलेली ऐकायची असते.

तर तीही सांगतो. आंतरगाव स्पर्धा, पावसाळा नुकताच संपलेला, कापणी झालेल्या शेतातलं मैदान, मधेमधे चिखल. बरोबरीत सामना, शेवटची पेनल्टी माझी. कोपरा ठरलेला: उजवा, खाली. धावलो आणि दोन पावलं राहिली असताना गोलकीपरचं अंग उजवीकडे कललेलं दिसलं. बदललं. डावीकडे मारायला गेलो, पाऊल आडवं पडलं, चेंडू बांधावरून पलीकडे नारळाच्या बागेत. तो शोधून आणायलाही मीच गेलो.

पुढे बऱ्याच वर्षांनी तो गोलकीपर मला एका जत्रेत भेटला. नाटकाचा दुसरा अंक व्हायचा होता, आम्ही चणे खात उभे. मी त्याला म्हटलं, तू फार लवकर कललास रे त्या दिवशी. त्याला काही आठवेना. मग एकदम हसला.

"कललो कुठला? बुटाचा चिखल झटकत होतो."