तुम्ही विचारलंत म्हणून: ३०० पुरत नाही, ६००ची लेन्स घेऊ का?

पक्ष्यांच्या फोटोग्राफीत थोडे रुळलेले लोक मला हा प्रश्न हमखास विचारतात. कॅमेऱ्याला ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स लावलेली असते, पक्षी फोटोत ठिपक्याएवढा येतो, आणि मग विचारणा होते, "लांबचं नीट येत नाही हो, मोठी लेन्स कुठली घेऊ?" घ्या, जरूर घ्या. पण लांबच्या पक्ष्यासाठी म्हणून घेऊ नका. ६००ची खरी गरज पडते ती पाच-सहा मीटरवर बसलेल्या चिमुकल्या शिंजिरासाठी.

साधा हिशोब आहे. फुल फ्रेम कॅमेरा (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरचा) असेल तर अंतराला ३६ने गुणा आणि फोकल लेंग्थने, म्हणजे लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याने, भागा. अंतर मीटरमध्ये धरलं तर चौकटीत किती मीटर रुंदीची जागा मावेल ते कळतं. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान, सेन्सर असेल तर ३६ऐवजी साधारण २४ धरायचे. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर. तो सहा मीटरवर असेल तर ३००ने चौकटीत ७२ सेंटिमीटर जागा येते, ६००ने ३६. म्हणजे पक्षी रुंदीला आणि उंचीला दुप्पट दिसतो, त्याच्या वाट्याला चौपट पिक्सेल येतात. शिंपी, वटवट्या, चष्मेवाला ही सगळी मंडळी साधारण याच मापाची. त्यांच्या पिसांचा पोत, डोळ्यातली चमक हवी असेल तर मोठ्या लेन्सला पर्याय नाही, कारण सहा मीटरचे तीन मीटर करायला गेलात की फांदी रिकामी.

लांबच्या पक्ष्याचं गणित वेगळं आहे. भिगवणला उजनीच्या पाण्यात दीडशे मीटरवर रोहित (फ्लेमिंगो) उभे असतात. ६००ने तिथे नऊ मीटर रुंदीची चौकट मिळते, थव्यासाठी छानच. पण ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि कितीही महागडी लेन्स लावा, पक्ष्याच्या कडा विरघळल्यासारख्याच दिसतात. पुष्कळांना वाटतं लेन्समध्ये खोट आहे. लेन्स ठीक असते, मधे दीडशे मीटर तापलेली हवा असते. त्यावरचा इलाज म्हणजे भिगवणजवळच्या कुंभारगावात उजाडता उजाडता नावेत बसणं. नाव चालवणाऱ्या कोळ्यांना थवे कुठे बसतात आणि किती जवळ गेलं की उठतात हे पक्कं माहीत असतं. त्यांना "अजून पुढे घ्या" म्हणून घाई करू नये. ते थांबतील तिथे थांबावं.

ताडोब्याला जाणार असाल तर प्राइमपेक्षा (एकाच फोकल लेंग्थच्या लेन्सपेक्षा) झूमच बरी. वाघ जिप्सीपासून १५ मीटरवर आला तर ६००ने फक्त ९० सेंटिमीटर जागा मिळते. डोळे येतील, पट्टे येतील, अख्खा वाघ येणार नाही. तिथे २०० हवी, आणि लेन्स बदलायला वेळ नसतो.

आता उजेडाकडे येते, कारण निर्णय खरा तिथे होतो. परवडणाऱ्या बहुतेक झूम ६००ला एफ ६.३ असतात. एफचा आकडा जितका मोठा, तितका लेन्समधून उजेड कमी. एफ ४च्या तुलनेत निम्म्याहूनही कमी उजेड. उघड्या माळावर, पाणथळीवर काही अडत नाही. पण पावसाळ्यात कर्नाळ्याच्या झाडीत दिवसाढवळ्या तिन्हीसांजेसारखा अंधार असतो, आणि तिबोटी खंड्या दिसायचे दिवस नेमके तेच. एफ ४ची ६०० दहा लाखांच्या पुढे जाते आणि वजन तीन किलोंच्या आसपास. ती घ्या असं मी कुणालाच सांगत नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ६४००पर्यंत बिनधास्त वाढवा. फोटो दाणेदार आला तर आजची सॉफ्टवेअर पुष्कळ सावरून घेतात, पण पक्षी हलल्यामुळे पुसट झालेला फोटो सावरत नाही. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप थांबवतं, पक्ष्याची मान थांबवत नाही, म्हणून बसलेल्या पक्ष्यालाही शटर शक्यतो ५००च्या (१/५०० सेकंदाच्या) वर ठेवा आणि उडत्याला २०००च्या.

मग कुठली? कॅमेरा ज्या कंपनीचा, त्यावर निम्मा निर्णय झालेलाच असतो. सोनीची २००-६०० आणि निकॉनची १८०-६०० या दोन्ही झूम करताना लांबत नाहीत, त्यामुळे हातातला तोल बिघडत नाही. मला हा गुण फार मोलाचा वाटतो. दोन्हींचं वजन दोन किलोंच्या आसपास. कॅननची १००-५०० दीड किलोच्या आत बसते. दिवसभर चालणाऱ्यांना मी तीच सुचवते. १०० मिलिमीटर कमी असले तरी संध्याकाळी खांदा शाबूत राहतो, आणि खांदा दुखू लागला की आपण कॅमेरा उचलायलाच कंटाळतो. कॅननचीच २००-८०० मोहात पाडते, पण ८००ला ती एफ ९ होते. पाणथळीसाठी उत्तम, कोकणातल्या जंगलासाठी मुळीच नको. जुना डीएसएलआर असेल तर निकॉनची २००-५०० किंवा सिग्माची १५०-६०० सेकंडहँड बघा. घेताना आतून टॉर्च मारून बुरशीचे धागे शोधा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी हटकून धरते. तुमच्या लेन्सलाही धरेल, म्हणून हवाबंद डबा आणि सिलिका जेल त्याच दिवशी आणा. ७०-३००ला टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे लावायचं, फोकल लेंग्थ वाढवणारं भिंग) जोडून भागेल का, असंही विचारतात. १.४चा कन्व्हर्टर एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड खातो. शिवाय अशा बहुतेक लेन्सना तो बसतच नाही. पैसे साठवा.

एका बाबतीत मात्र माझा आग्रह आहे. तिबोटी खंड्याचं मातीतलं बीळ सापडलं की तिथे लेन्सांची रांग लागते. आईबाप चोचीत पाल किंवा खेकडा धरून फांदीवर ताटकळत राहतात आणि पिल्लं बिळात उपाशी. ६०० हातात असली म्हणून घरट्यासमोर बसायची मुभा मिळत नाही. घरट्याचे फोटो काढू नयेत आणि घरट्याची जागा कुणाला कळवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि दुकानात जाण्याआधी एक करा. पुण्या-मुंबईत या लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. शनिवार-रविवारसाठी एक घ्या आणि सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत पहाटे जाऊन बसा. ६००च्या चिंचोळ्या चौकटीत पक्षी सापडायलाच सुरुवातीला वेळ लागतो. आधी २००वर पक्षी पकडायचा, मग झूम करायचं. हे सप्टेंबरातच करून बघितलंत तर हिवाळी पाहुणे येईपर्यंत हात बसलेला असेल.