पहिली कोण आली?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला आणि मला आधी आठवली ती पीटीच्या बाईंची शिट्टी. नाव लिहीत नाही, त्यांना असलं आवडायचं नाही, आणि आमच्यासाठी त्या फक्त 'बाई'च होत्या.

१९८४ चा ऑगस्ट, मी नववीत. ग्राउंडवर चिखल आणि वर्गात एकच विषय, पी. टी. उषाचं ऑलिंपिकमधलं मेडल सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. म्हणजे नेमकं किती, हे कोणालाच कळत नव्हतं. बाईंनी आम्हा मुलींना व्हरांड्यात बोलावलं, फरशीवर खडूनं रेघ मारली, चार बोटं जुळवून रेघेला लावली आणि म्हणाल्या, एवढंच. आम्ही सगळ्या चूप. मग विचारलं, बरं, पहिली कोण आली?

कोणालाच माहीत नाही! (मुलांनाही नव्हतं, हे मुद्दाम सांगते.)

नवाल एल मुतवकिल, मोरोक्कोची, ५४.६१ सेकंद. ऑलिंपिकमध्ये बायकांची ४०० मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, त्या वर्षी पहिल्यांदाच होती, आणि मोरोक्कोला, पुरुष धरूनसुद्धा, मिळालेलं ते पहिलंच गोल्ड. बाईंनी पेपरातलं कात्रण वहीत चिकटवून ठेवलं होतं.

तीच वही घेऊन त्या सायकलवर आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घरी आल्या, कारण माझं नाव रेसला द्यायला आजोबा तयार नव्हते. वयात आलेली पोरगी चड्डीवर पळणार, लोक काय म्हणतील वगैरे. बाईंनी कात्रण पुढे केलं. आजोबा म्हणाले, ते तिकडलं झालं जी. बाई म्हणाल्या, तिकडेही लोक असंच बोलतात जी. चहा निवून गेला, आईनं दुसऱ्यांदा टाकला, आणि शेवटी तोडगा निघाला सलवारचा, घोट्याला रबर बांधून.

नवाल पुढे मंत्री झाली, तिनं १९९३ मध्ये कासाब्लांकात फक्त बायकांची रन सुरू केली, आता त्यात हजारो बायका पळतात, मी यूट्यूबवर बघते आणि दर वेळी ती सलवार आठवते, कारण अर्ध्या रेसमध्ये एका पायाचं रबर तुटलं आणि मी एका हातानं सलवार धरून पळत पाचवी आले.

आजोबा बघायला आले नव्हते. संध्याकाळी झोपाळ्यावर बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "मग? पहिली कोण आली?"