आमची वाटचाल: तक्रारीमागचा माणूस

आमची कंपनी लहान आहे. घरगुती उपकरणं बनवणाऱ्या उत्पादकांच्या वतीने त्यांच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि मार्गी लावायच्या, हे आमचं काम. सुरुवात फोन आणि नोंदवहीवर झाली, पुढे ईमेल आले, मग चॅट. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं आणि काही महिन्यांतच उत्पादक विचारू लागले, ‘हे सगळं यंत्र करणार असेल तर तुमची गरज काय?’

प्रश्न रास्त होता, म्हणून आम्ही तो टाळला नाही. ऑर्डर कुठवर आली, वॉरंटी कधी संपते, पासवर्ड कसा बदलायचा, असे प्रश्न आम्ही यंत्राकडे सोपवले. कॉल संपल्यावर टिपण लिहिण्यात जाणारा वेळही वाचला. सारांश यंत्र करतं, माणूस तो वाचून दुरुस्त करतो. हे काम ते खरोखर चांगलं करतं.

पण एका ज्येष्ठ ग्राहकाने फ्रिज बंद पडल्याची तक्रार केली तेव्हाची गोष्ट सांगतो. तंत्रज्ञ कधी येणार, एवढंच त्यांनी विचारलं. चॅटवर उत्तर मिळालं: परवा सकाळी. उत्तर बरोबर होतं. तरी त्यांनी फोन करून शांतपणे तेच पुन्हा विचारलं. आमच्या एका अनुभवी सहकारी बाईंनी तारीख पुन्हा न सांगता विचारलं, ‘काका, फ्रिजमध्ये काय आहे?’ इन्शुलिन होतं. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी आधी औषध शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं आणि मग उत्पादकाच्या मागे लागून भेट त्याच दिवशी ठरवून घेतली. असं काही विचारायचं असतं, हे आमच्या कुठल्याही कार्यपद्धतीत लिहिलेलं नव्हतं.

अर्थशास्त्रज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२३ चा अभ्यास मी आमच्या सगळ्यांना वाचायला दिला, कारण तो आमच्याच धंद्यावर आहे. ग्राहक सेवेतल्या ५,१७९ कर्मचाऱ्यांच्या कामाच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. ज्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस मिळाला, त्यांच्या हातून तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांचा फायदा सर्वांत मोठा होता, मुरलेल्यांना फारसा फरक पडला नाही. अनेकांनी यातून अर्थ काढला की अनुभवी माणसं आता परवडत नाहीत. माझं मत नेमकं उलट आहे. तो मदतनीस नवख्यांना जे सुचवत होता, ते उत्तम कर्मचाऱ्यांच्या संभाषणांतूनच शिकलेलं होतं. ती माणसं काढली तर उद्या यंत्र शिकणार कुणाकडून? आम्ही आमची अनुभवी माणसं ठेवली, आणि शिकवणं हा त्यांच्या पगारी कामाचा भाग केला.

दुसरी बाब शब्द देण्याची. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडा या विमान कंपनीच्या विरोधात निकाल दिला. शोकप्रसंगी मिळणाऱ्या भाडेसवलतीबद्दल तिच्या चॅटबॉटने प्रवाशाला चुकीची माहिती दिली होती. चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव फेटाळला गेला आणि भरपाई कंपनीलाच द्यावी लागली. आमच्याकडे पैसे परत करण्याचं किंवा वस्तू बदलून देण्याचं आश्वासन फक्त माणूस देतो, आपलं नाव सांगून. समोर यंत्र आहे हे ग्राहकाला पहिल्याच वाक्यात कळतं, आणि माणसाशी बोलण्याची सोय प्रत्येक टप्प्यावर असते.

भरतीही बदलली. पूर्वी आम्ही टायपिंगचा वेग बघायचो. आता उमेदवाराला एक ध्वनिमुद्रित तक्रार ऐकवतो आणि विचारतो, या माणसाने काय सांगायचं टाळलं?

सध्या सर्वांत जास्त विचार करायला लावते ती गोष्ट वेगळीच आहे. सोपे प्रश्न यंत्राकडे गेले, आणि नवी मुलं शिकत होती ती याच सोप्या प्रश्नांवर. पहिल्याच दिवशी चिडलेल्या ग्राहकाचा अवघड कॉल हातात आला तर ती कान तयार कधी करणार? म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत काही सोपे कॉल आम्ही मुद्दाम त्यांच्याकडे वळवतो, मदतनीस बंद ठेवून, शेजारी अनुभवी सहकारी बसवून. यात वेळ जातो, असं उत्पादक म्हणतात. जातो, आणि त्या वेळेचं बिल आम्ही त्यांना लावत नाही.